धुऱ्यावरची फेकनारी

परवा नातीसंग बसून टीव्हीवर किरकेट पाहून राहिली होती. मले त्यातलं काई समजत नाई, पन फेकनारा कसा धावत येते, हात कसा फिरवते, ते पाहाले बरं वाटते. मधातच त्या फेकनाऱ्यानं खांदा धरला अन् खाली बसला. लगेच दोघं धावत आले. एकानं पानी पाजलं, एकानं खांद्यावर बरफाची थैली ठेवली, अन् धरून-धरून बाहेर नेलं. लोकाइनं टाळ्या बी वाजवल्या. नात म्हने, "आजी, याचं आता सपलं वाटते. खांदा गेला का फेकनाऱ्याचं सपते."

म्या म्हनलं, "मले नोको सांगू. माहा बी असाच गेला. टाळ्या तेवढ्या नाई वाजल्या."

ते हासली. तिले वाटलं बुढी गंमत करून राहिली. मंग मोबाईल माह्या तोंडाजवळ धरला अन् म्हने, "सांग पूर्न. हे आपोआप लिहून घेते." म्हनून सांगून राहिली. मले लिहाले येत नाई. सही तेवढी करते, ते बी पाहनाऱ्याले वाटते कोंबडी चालून गेली.

तं मी फेकनारी होती. चेंडू नाई, पऱ्ह्याच्या पेंड्या. अन् फुकट नाई, मजुरी घेऊन. आमच्या अड्याळकडच्या गावाइमंदी बाईनं मजुरी घेऊन पेंड्या फेकल्या, असं त्याच्या पयले म्या आयकलं नोव्हतं. त्याच्या नंतर बी लय साल कोन्या बाईले धुऱ्यावर चढू देल्लं नाई, अन् त्याले कारन मीच.

ज्याइनं धानाचा रोवना पायला नाई त्याइच्यासाठी सांगते. धान पयले एका कोपऱ्यात दाट पेरतेत. हातभर रोप झाले का त्याले पऱ्हे म्हनतेत. ते उपटाचे, मुळाचा चिखल पान्यात धुवाचा, अन् मुठीत मावन तेवढ्याची पेंडी बांधाची. तिकडं बांधीत, म्हंजे धुरे, मातीचे बांध, घालून पानी अडवलेल्या वावरात, बाया ओनव्या होऊन रोवतेत अन् रोवत-रोवत मांगं सरकतेत. हातातली पेंडी सरली का दुसरी पेंडी मांगं, हात पोचन तिथं, पडलेली पायजे. फेकनारा धुऱ्यावर उभा राहून ते फेकते. समोर पडली तं रोवलेलं मोडते. लांब पडली तं बाईले गुडघाभर चिखल तुडवत जा लागते. अन् पाठीवर पडली तं फेकनाऱ्याच्या सात पिढ्या बांधीतून वर येतेत. म्हनून ते काम मानसाचं. बाया चिखलात, मानूस धुऱ्यावर, तोंडात बिडी.

आमच्या टोळीत ते काम माह्या घरच्याइचं, म्हंजे माह्या नवऱ्याचं होतं. हात असा का दुसरीकडं पाहून फेकली तरी पेंडी बाईच्या टाचेपाशी. आवाज बी नाई याचा, पानी हालाचं फक्त. त्या हाताच्या भरोशावर आमच्या घरी भात शिजे.

एका सालच्या उन्हाळ्यात, पानी याच्या आंधी, हे कवेलू, म्हंजे कौलं, फेराले घरावर चढले अन् कवेलूसंगच खाली आले. कवेलू फुटले ते फुटले, मांडी बी मोडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पलस्तर केलं, कमरेपासून घोट्यापर्यंत. डाक्टर म्हने, हे निंगन तवरी पाय टेकवाचा नाई, अन् निंगाल्यावर बी चिखलात उतराचं नाई. म्हंजे पुरा रोवना गेला.

टोळीची जे मुख्य बाई होती, जे मालकासंग बोलून काम ठरवे, तिले आमी सारे मोठीबाई म्हनो. ते घरी आली. बाजेवर पडलेल्या मानसाले पाहून दोन आसू काढले, पानी पेली, पदरानं तोंड पुसलं, अन् कामाचं बोलली.

"भाऊ, टोळी काई फेकनाऱ्याबिगर चालत नाई. मले दुसरा मानूस पाहा लागन."

हे वर कवेलूच्या भोकाकडं पाहत राह्यले. आमाले दोघाइले बी मालूम होतं. एकडाव दुसरा मानूस धुऱ्यावर उभा राह्यला, का पुढच्या साली बी तोच, त्याच्या पुढच्या साली बी तोच. मोडलेल्या मांडीसाठी जागा कोन धरून ठेवते? आमाले वावर नोव्हतं. धुऱ्यावरची जागा, तेच आमचं वावर.

माह्या तोंडातून निंगालं, "मी फेकते."

मोठीबाईनं मले खालून वरपर्यंत पायलं. "तू? अवो बाई, तुले रोवता तं येत नाई."

"तेच तं म्हनून राहिली. मी रोवन्यातून निंगाली तं टोळीचं काई नुकसान नाई."

हे खोटं नोव्हतं. माही रोवलेली रांग म्हंजे साप पान्यातून गेल्यासारखी. माह्या दोन्हीकडच्या बाया आपली रांग सोडून माही सरळ करत. मोठीबाई मनातल्या मनात हिसाब करून राहिली असन, कारन ते जरा वेळानं म्हने, "चाल मंग. पन पेंडी फेकनं म्हंजे पाखरं हाकलनं नोव्हे."

मी तेच समजून होती. लहानपनी म्या गोटे फेकून आंबे पाडले होते, पोपट हाकलले होते. मले वाटे, यात काय हाये?

पयल्या दिवशी समजलं काय हाये ते. म्या बांधलेल्या पेंड्या हवेतच सुटत. बायाइवर पऱ्ह्याचा पाऊस पडे. ज्या नाई सुटल्या, त्या कोनाच्या पाठीवर, कोनाच्या डोस्क्यावर. एक पेंडी तं मांगच्या मांगं गेली, धुऱ्याच्या दुसऱ्या बाजूले. तिथं एक बैल चरत होता, त्यानं खाल्ली. एक बाई ओनव्यानंच ओरडली, "अवो, फेकून राहिली का उधळून राहिली? लगन हाये का वो इथं?"

अन् धुऱ्यावरून पायलं तं साऱ्या बाया ओनव्या. तोंड कोनाचंच दिसत नाई. दोन दिवसात मी गावातल्या बायाइले मांगून वळखाले शिकली. आताही बाजारात पाठमोरी बाई दिसली का मी नाव घेऊन हाक मारते, अन् चुकत नाई. धंद्यातलं तेवढंच एक ग्यान टिकलं.

मंग एका सकाळी घाईघाईत पेंडीच्या मुळाचा चिखल धुवाचा राह्यला. आळसच म्हना. ते पेंडी म्या फेकली अन् पाहतच राह्यली. दगडासारखी सुधी गेली. चिखलाचं वजन खाली, म्हनून मुळावरच पडली अन् बाईच्या मांगं उभीच्या उभी बसली, जसा पाटावर नवरदेव. ते बाई न पाहता हात मांगं नेते, अन् पेंडी हातात. तिनं मान वर करून माह्याकडं पायलं. त्या आंधी माह्याकडं पाहाची नजर येगळी होती.

झालं. म्या धुनंच सोडून देल्लं. हरेक पेंडीले मूठभर चिखल ठेवाची. बायाइले पऱ्हे सुटे कराले जरा तरास होये, पन पेंडी पायजे तिथं उभी पडे म्हनून कोनी बोलत नोव्हतं. माहं नाव झालं. बाजूच्या बांधीतली टोळी कंबर सरळ करून माह्याकडं पाहे. तलावाच्या पल्ल्याडचा एक शेतकरी बोलवाले आला, का दोपारून आमच्याकडं बी फेकून दे. मी सकाळी इकडं, दोपारून तिकडं जाऊ लागली.

अन् मी काय सांगू, मले चढली. लुगडं मानसावानी वर खोचलं. डोस्क्याले ह्याइचा दुपट्टा बांधला. बिडी तेवढी नाई ओढली, पन फेकाच्या आंधी धुऱ्यावर थुकाची, ते मानसं थुकतेत तशी. शिदोरी सोडली का बाया माह्यासमोर चटनी आंधी सरकवत. मी कोनाले पानी बी मांगत नोव्हती, फक्त हात पुढं कराची.

घरी हे बाजेवर पडून. पोरगी लहान होती, मी पाळन्याची दोरी ह्याइच्या चांगल्या पायाच्या अंगठ्याले बांधून ठेवाची. मी संध्याकाळी येऊन सांगाची, "अजी, आज पुरी बांधी पार केली. तुमची येवढी जाये का वो कधी?"

हे अंगठा हालवत राहत. "नाई जाये," म्हनत. येवढंच.

मालक छत्री घेऊन वावरात ये. मानूस वाईट नोव्हता, पन त्याले आपल्या वस्तू दाखवाचा शौक. नवा बैल घेतला का सोयऱ्याले दाखवे, नवा सायकलचा दिवा घेतला का दाखवे. त्या साली त्याले मी भेटली. एक दिवस मोहाडीचे त्याचे सोयरे आले. त्याइले घेऊन तो बांधीच्या पल्ल्याडच्या धुऱ्यावर उभा राह्यला अन् तिकडून ओरडला, "हे पाहा आमची फेकनारी! बाई हाये, पन हात पाहा! फेक वो, इथपर्यंत फेक!"

ते बांधी त्या शिवारातली साऱ्यात मोठी. मोठीबाई चिखलातून हळूच म्हने, "नोको करू नाटक."

पन नाटक करनारीले नाटक करू नोको म्हनून काय उपेग? म्या एक पेंडी घेतली, तिले दोन मुठी चिखल लावला, थुकली, अन् जेवढं आंगात होतं तेवढं लावून फेकली. खांद्यात काईतरी कट्टकन वाजलं. म्या तिकडं ध्यान नाई देल्लं, कारन पेंडी लय सुरेख गेली होती. बायाइच्या वरून गेली, पुरी बांधी पार करून गेली, छत्रीच्या खालून गेली अन् मालकाच्या तोंडावर बसली.

पांढरं धोतर, पांढरा सदरा, परटाकडून आलेला. सारा चिखल. मिशीतून पऱ्हे लोंबून राहिले. मले दिसून राहिलं होतं का माही जागा गेली. माही नाई, ह्याइची जागा.

तेवढ्यात चिखलातून एक बाई ओरडली, "रोवना सरला वो!"

आमच्याकडची रीत अशी, का रोवन्याच्या शेवटच्या दिवशी बाया मालकाले चिखल लावतेत. मालकाले चिखल लागला म्हंजे रोवना सरला. मंग त्यानं टोळीले गोडधोड खाऊ घालाचं. त्याच्या आंधी मालकाच्या आंगाले कोनी चिखल लागू देत नाई. इथं तं अर्धी बांधी कोरी होती. पन ते बाई ओरडली, अन् साऱ्या बायाइनं हातातल्या पेंड्या पान्यात सोडल्या, कंबर सरळ केली, अन् पाय धुवून धुऱ्यावर येऊन बसल्या.

मालक डोळे पुसत म्हने, "काय सरला? अर्धा बी नाई झाला! उतरा खाली!"

मोठीबाई बसल्या-बसल्या म्हने, "मालक, चिखल लागला का नाई तुमाले?"

"लागला नाई, मारला! त्या बाईनं मारला!"

"टोळीच्याच बाईनं ना? मंग लागला. आता चिखल लागलेल्या बांधीत रोवनं म्हंजे अपशकुन. पयले खाऊ घाला, मंग पाहू."

मोहाडीचे सोयरे तोंड फिरवून हासून राहिले होते. एक जन म्हने, "आमच्या इकडं बी असंच हाये, पाव्हनं. खाऊच घाला लागते." सोयऱ्यासमोर मालक काय बोलन? गावातून भजे अन् बुंदी मांगवली. साऱ्या बाया चिखलाच्या हातानं खाऊन राहिल्या. मी मात्र उभीच.

जाताना मालकानं माह्याकडं बोट केलं अन् मोठीबाईले म्हने, "उद्यापासून हे बाई मले धुऱ्यावर नोको. मानूस आना. मानूस नाई आनला तं मी दुसरी टोळी आनन."

रस्त्यानं मोठीबाई मले म्हने, "आता माह्या हातात नाई बाई. उद्या तं मले मानूस दाखवाच लागन."

घरी आली. पोरगीले उचलाले गेली तं उजवा हात वरच होये ना. ह्याइनं पायलं. म्हने, "बस इथं." बाजेच्या कडेले बसली. ह्याइनं खांदा दाबून पायला, अन् मी जे ओरडली, का पोरगी रडाले लागली. मंग म्या सारं सांगतलं. तोंडावर पेंडी, भजे, बुंदी, मालक काय म्हनला ते.

मले वाटलं आता हे जागेबद्दल बोलतीन. त्याइनं इचारलं, "पेंडी धुतेस का तू?"

म्या मान हालवली. नाई.

"तरीच म्हनलं, येवढ्या लांब कशी जाते. अवो, दिवसभरात बैलबंडीभर चिखल फेकला तू हातानं. मी येवढे साल फेकून राहिलो, माहा खांदा काहून नाई गेला? धुवतो म्हनून. चिखल काई रोवाचा असते का?"

मी ढसाढसा रडली. खांद्यासाठी नाई. इतके दिवस या मानसाले "तुमची येवढी जाये का" म्हनून हिनवलं, अन् त्याले सारा काळ वाटून राहिलं असन का बायकोचा हात आपल्यापेक्षा भारी. ह्याइनं एरंडाचं पान गरम करून माह्या खांद्यावर बांधलं, अन् हासले तेवढे. मांडी मोडल्यापासून पयल्यांदा.

ह्याइचं पलस्तर चारेक दिवसापयलेच निंगालं होतं. काठी धरून घरामांगच्या सांदवाडीपर्यंत जात. चिखलाची मनाई होतीच. सकाळी मी उठून पाहते तं हे दुपट्टा बांधून तयार. म्या म्हनलं, "अजी, कुठं?"

"धुऱ्यावर. डाक्टरानं चिखलात उतराले नाई म्हनलं. धुरा कोरडा असते."

शेजाऱ्याची बंडी पऱ्हे न्याले जात होती, तिच्यात बसून आले. धुऱ्यावर घमेलं उलटं ठेवलं, त्याच्यावर बसले, पाय लांब केला. मी चिखलातून पेंड्या आनाची, डाव्या हातानं पान्यात खळखळ धुवाची, ह्याइच्या हातात द्याची. हे बसल्या जागून फेकत. पयल्या दोन-तीन चुकल्या. बसून फेकनं येगळंच असते. मंग हात बसला. पेंडी पडे, पानी हाले. बायाइनं मांगं हात नेला अन् कोनी वर पायलं बी नाई. हेच त्या कामाचं कौतिक हाये, कोनी वर पाहात नाई, हे मले तवा समजलं. माह्या येळेस तं साऱ्या वर पाहून राहत, कुठून येईन भरोसा नाई म्हनून.

दोपारी मालक आला. छत्री समोर धरून, ढालीवानी. दूरच उभा राहून पायलं.

"हे काय? लंगडा आनला?"

मोठीबाई ओनव्यानंच म्हने, "तुमी मानूस मांगतला होता ना मालक? आनला."

"अन् हे बाई अजून काहून हाये?"

"ते फेकत नाई, धुवते. मजुरी एकाचीच हाये, घाबरू नोका."

मालकानं दोन-चार पेंड्या पडताना पायल्या. मले इचारलं, "तू नाई ना फेकनार?"

म्या हात वर करून दाखवाले गेली, तो कमरेच्या वरच जाये ना. त्यानं पायलं, छत्री जरा खाली केली, अन् धुऱ्याधुऱ्यानं निंगून गेला. जागा राह्यली.

खरंच रोवना सरला त्या दिवशी बाया मालकाले चिखल लावाले निंगाल्या. मालक रीतीसाठी उभा राह्यला, पन मले पाहून म्हने, "तू तिकडंच राय. तुहा पयलेच लागला हाये." साऱ्या बाया इतक्या हासल्या का एक चिखलात बसली. मी डाव्या हाताच्या बोटानं त्याच्या पायाच्या अंगठ्याले जरासा लावला. त्यानं दुसऱ्या डावाची बुंदी बी देल्ली, कुरकुर करत.

त्याच्या नंतर लय साल आमी तसेच गेलो. ह्याइचा पाय कधी पुरा सरळ झाला नाई, माहा हात कधी पुरा वर गेला नाई. दोघं मिळून एक फेकनारा. हे गेले तवरी ते जागा आमचीच होती. आता तं त्या बांधीत रोवन्याची मशीन येते, तिले फेकनारा लागत नाई, धुवनारी बी नाई. माहा हात वर जात नाई म्हनून फळीवरचा डबा अजून नातच काढून देते.

पन माहं नाव शिवारात टिकलं. हे होते तवा कोनी नवा पोट्टा पेंड्या फेकाले शिकाले आला, का हे त्याले फेकाचं कसं ते नोव्हते सांगत. पयले माह्याकडं बोट दाखवत अन् म्हनत, "धुवून घेत जा रे बापा. नाईतं आमच्या बुढीवानी होशीन."